टाळेबंदीतील दूरस्थ शिक्षण : पालकांच्या चिंतेपासून घ्यावयाचा बोध

कोविड-१९ च्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये देशभरातील शाळा बंद झाल्या. २५ मार्चपासून टाळेबंदी लागू झाली आणि त्या वर्षीचे नवे शैक्षणिक वर्ष शाळेऐवजी घराघरांतून सुरू झाले. गोव्यात दहावी व बारावीचे वर्ग नोव्हेंबर २०२० मध्ये भरू लागले. परंतु लहान मुलांना शाळेची पायरी चढण्यास फेब्रुवारी २०२२ उजाडला. हा निर्णय मुलांच्या व त्यांच्या घरातील वृद्धांच्या जीवितरक्षणासाठी घेण्यात आला होता. शिक्षकांनीही हाताशी कोणतीही पूर्वतयारी नसताना मोबाईलद्वारे अध्यापन चालू ठेवले. तथापि या दोन वर्षांत गावोगावच्या पालकांच्या तोंडी एकच प्रश्न होता : मूल मोबाईलसमोर बसते खरे, पण ते शिकते काय?

त्या वेळी हा प्रश्न पुष्कळदा तक्रार म्हणूनच ऐकला गेला. पुढे झालेल्या पाहण्यांकडे दृष्टी टाकली असता पालकांचे निरीक्षण बव्हंशी बरोबर होते, असे दिसून येते. ज्या मुलांविषयी ही चिंता होती, त्यांपैकी अनेक मुले आजही शाळेत शिकत आहेत. यास्तव त्या चिंतेचे स्वरूप समजून घेणे पालक, शिक्षक व ग्रामपंचायती या सर्वांनाच उपयुक्त ठरेल.

साधनांची अडचण

पहिली चिंता साधनांविषयी होती. 'प्रथम' या संस्थेने सप्टेंबर २०२० मध्ये केलेल्या 'असर' पाहणीनुसार, ग्रामीण भारतात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे, त्यांचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून ६१.८ टक्क्यांवर गेले होते. ही वाढ लक्षणीय होती. परंतु घरात फोन असणे आणि तो मुलाच्या हाती असणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. घरातील एकुलता एक फोन सकाळी वडिलांबरोबर कामावर जाई व सायंकाळी परत येई. दोन भावंडांचे तास एकाच वेळी आल्यास एकाला तास सोडावा लागे. 'असर'च्या २०२१ च्या पाहणीत, घरी स्मार्टफोन असूनही सुमारे २६ टक्के मुलांना तो अभ्यासासाठी मुळीच मिळत नसल्याचे आढळले.

त्यात रेंजची अडचण होती. सांगे, सत्तरी यांसारख्या डोंगराळ तालुक्यांतील काही गावांतून मुले रेंज मिळावी म्हणून टेकडीवर जाऊन बसत असल्याची वृत्ते २०२० च्या पावसाळ्यात प्रसिद्ध झाली होती. अशा स्थितीत तास 'झाला' अशी नोंद होत असली, तरी तो किती मुलांपर्यंत पोहोचला हे सांगणे कठीण होते.

हजेरी आणि शिकणे यांतील अंतर

दुसरी चिंता अधिक खोल होती, आणि ती फोन व रेंज असलेल्या घरांतही होती. ती समजण्यासाठी वर्गात शिकणे कसे घडते, हे पाहिले पाहिजे.

पहिलीचे मूल अक्षर गिरवू लागले की शिक्षिका बाकांमधून फिरत त्याच्या हाताकडे पाहते. पेन्सिल कशी धरली आहे, अक्षराची सुरुवात कोठून होते, काना व वेलांटी योग्य जागी पडते की नाही, हे ती तेथल्या तेथे सुधारते. गणिताचेही तसेच आहे. ५२ मधून २७ वजा करताना, २ मधून ७ जात नाहीत म्हणून पुष्कळ मुले उलट ७ मधून २ वजा करतात आणि ३५ असे उत्तर लिहितात. खरे उत्तर २५ आहे. मुलाजवळ उभी असलेली शिक्षिका ही चूक घडताना पाहते आणि हातचा कसा घ्यावा हे त्याच क्षणी दाखविते. मोबाईलवर पाठविलेल्या वहीच्या छायाचित्रात मात्र केवळ चुकलेले उत्तर दिसते. ते का चुकले हे दिसत नाही. उत्तर बरोबर असले, तर ते मुलाचे की थोरल्या बहिणीचे, हेही कळत नाही.

दूरस्थ शिक्षणात पाठ पोहोचविण्याची सोय होती. चूक सुधारण्याची सोय नव्हती. पालकांना हेच जाणवत होते. अझीम प्रेमजी विद्यापीठाने २०२० मध्ये मध्य प्रदेश व कर्नाटकासह पाच राज्यांतील सरकारी शाळांचा जो अभ्यास केला, त्यात सुमारे ७० टक्के पालकांनी ऑनलाइन वर्ग परिणामकारक नसल्याचे मत दिले. त्याच अभ्यासात सुमारे ९० टक्के शिक्षकांनी, मुलांना काय येते याचे अर्थपूर्ण मूल्यमापन या पद्धतीत शक्य नाही, असे सांगितले. पालक आणि शिक्षक या बाबतीत एकमताचे होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जुलै २०२० च्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचनांनुसार पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांचे दोनच तास असावेत, असे ठरले. मुलांच्या डोळ्यांच्या व प्रकृतीच्या दृष्टीने ही मर्यादा योग्यच होती. परंतु त्यामुळे शिकविण्याचा उरलेला भार घरावर आला. हा भार सर्व घरांना सारखा पेलणारा नव्हता. 'असर' २०२० नुसार, आईवडील दोघेही नववी वा त्यापुढे शिकलेले असतील अशा घरांतील सुमारे ८९ टक्के मुलांना अभ्यासात घरच्यांची मदत मिळत होती. दोघांचेही शिक्षण पाचवीपर्यंत वा त्याहून कमी असलेल्या घरांत हे प्रमाण ५५ टक्क्यांच्या आसपास होते. ज्या मुलांना शाळेचा आधार सर्वाधिक हवा, त्यांचाच आधार सर्वाधिक तुटला.

शेजारील राज्यांचा अनुभव

या अडचणींवर निरनिराळ्या राज्यांनी निरनिराळे उपाय योजले. तेलंगणाने सप्टेंबर २०२० पासून दूरदर्शन व 'टी-सॅट' वाहिनीवरून पाठ दिले. मध्य प्रदेशात जुलै २०२० मध्ये 'हमारा घर हमारा विद्यालय' ही योजना सुरू झाली. कर्नाटकाने ऑगस्ट २०२० मध्ये 'विद्यागम' हा उपक्रम हाती घेतला. त्यात शिक्षक वस्तीवर जाऊन मंदिराच्या आवारात वा झाडाखाली मुलांचे लहान गट बसवीत. साथीच्या भीतीमुळे तो ऑक्टोबरमध्ये स्थगित करावा लागला. तरी शिक्षक, मूल व वही यांची प्रत्यक्ष गाठ घालून देणे हा त्याचा गाभा होता.

दूरदर्शनवरील पाठ प्रामुख्याने त्या त्या राज्याच्या भाषेत असत. महाराष्ट्राबाहेरील मराठी माध्यमाच्या मुलांना त्यांचा उपयोग बेताचाच होता. अशा मुलांच्या बाबतीत गावातील मराठी शाळेचा शिक्षक हाच खरा दुवा होता.

नुकसानीचे मोजमाप

अझीम प्रेमजी विद्यापीठाने जानेवारी २०२१ मध्ये पाच राज्यांतील दुसरी ते सहावीच्या १६,०६७ मुलांची पाहणी केली. त्यांपैकी ९२ टक्के मुले भाषेतील व ८२ टक्के मुले गणितातील किमान एक पूर्वी आत्मसात केलेले विशिष्ट कौशल्य विसरली होती. नवे शिकणे तर राहोच, जुनेही हातचे गेले होते.

पहिलीत २०२० साली दाखल झालेली मुले २०२२ मध्ये तिसरीत होती. त्यांच्या पहिल्या दोन इयत्तांचा बहुतेक काळ घरीच गेला होता. ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते, ते २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर उतरले. २०२४ मध्ये हीच पिढी पाचवीत पोहोचली, तेव्हा त्यातील जवळजवळ निम्मी मुले दुसरीचा उतारा वाचू शकत होती. सुधारणा निश्चित झाली; परंतु उरलेल्या निम्म्या मुलांपुढे इतिहास व विज्ञान यांची पुस्तके तशीच न वाचता पडून राहतात.

५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाचा रोख तिसरीअखेर वाचन व अंकज्ञान पक्के करण्यावर आहे. टाळेबंदीतील ही मुले ती इयत्ता ओलांडून पुढे गेली आहेत. म्हणूनच त्यांच्याकडे वेगळे लक्ष पुरविणे अगत्याचे आहे.

आता काय करता येईल

पालकांनी मुलाची पडताळणी घरीच करावी. दुसरीच्या पुस्तकातील, मुलाला पाठ नसलेला एक उतारा मोठ्याने वाचून घ्यावा. नंतर त्यातील गोष्ट घरच्या बोलीत, कोकणीत वा मराठीत, सांगण्यास सांगावे. पाच ओळी श्रुतलेखन व हातच्याच्या दोन वजाबाक्या द्याव्यात. स्वतःला लिहिता-वाचता न येणाऱ्या आईलाही मूल कोठे अडखळते ते ऐकून कळते. मुलास रागावू नये; ही उणीव त्याच्या आळसातून आलेली नाही. शिक्षकांना भेटताना 'अभ्यासात कच्चा आहे' असे मोघम न सांगता 'जोडाक्षरापाशी थांबतो' असे नेमके सांगावे.

शाळांनी दिवसातील एक तास इयत्तेचा विचार बाजूस ठेवून, मुलाला प्रत्यक्ष काय येते त्यानुसार गट पाडून शिकवावे. अनेक इयत्ता एकत्र बसणाऱ्या एकशिक्षकी शाळांना ही पद्धत नवखी नाही. ग्रामपंचायतींनी वाचनालयाची वा सभागृहाची खोली सायंकाळी वाचनासाठी उघडी ठेवावी.

शाळा पुन्हा दीर्घकाळ बंद ठेवण्याचा प्रसंग कधी आलाच, तर त्याची योजना आधीच कागदावर असावी. कोणत्या वाड्यावर कोणते शिक्षक जातील, छापील अभ्यासपत्रे कोण पोहोचवील व वह्या आठवड्यातून एकदा कशा तपासल्या जातील, हे पालक-शिक्षक संघाच्या सभेत ठरवून ठेवावे. मोबाईलचा उपयोग अवश्य करावा. परंतु त्यास शिक्षकाच्या नजरेची जोड असावी. येत्या सभेत प्रत्येक पालकाने आपल्या मुलाची वही बरोबर आणावी आणि चर्चेचा आरंभ तिच्यापासूनच व्हावा.