संगणकातले तण

बाग लावायची तर आधी रान साफ करावे लागते. हे निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याला काय सांगावे? घरातल्या नव्या संगणकाचेही तसेच आहे.

नाशिकहून नवा संगणक आणला. तो कोरा नसतो. त्यात विंडोज असते. ती हवीच. पण कंपनीने न मागता आणखी ॲपही घातलेली असतात. त्यासाठी दुसऱ्या कंपन्या तिला पैसे देतात. जागा मात्र आपली अडते.

त्यात एखादे ॲप राखणदाराचे असते. काही दिवस फुकट. मग पडद्यावर पाटी येते : 'मुदत संपली, पैसे भरा.' घाबरू नका! विंडोजचा स्वतःचा राखणदार आहे, तोही फुकट. हा पाहुणा गेला, की तो आपोआप कामाला लागतो.

काढायचे कसे? 'सेटिंग्ज' उघडा. 'ॲप्स'मध्ये जा. मग 'इन्स्टॉल्ड ॲप्स'. यादी दिसेल. नावापुढची तीन टिंबे दाबा आणि 'अनइन्स्टॉल' निवडा. पडद्यावरचे चित्र नुसते पुसले, तर मूळ आतच राहते. हरळीसारखे. नाव ओळखीचे नसेल, तर आधी जाणत्याला विचारा. नाहीतर आवाजच बंद व्हायचा!

काही तण विषारी निघते. २०१४-१५ साली लेनोवो कंपनीच्या काही लॅपटॉपमध्ये 'सुपरफिश' आधीच घातलेले होते. ते जाहिराती घुसवी. त्यासाठी बँकेशी चाललेले आपले गुप्त बोलणेही मध्येच उघडी. बोभाटा झाल्यावर कंपनीने ते काढण्याचे साधन दिले. नुसते ॲप काढून भागत नव्हते. त्याने आत ठेवलेला खोटा दाखला वेगळा शोधून उपटावा लागे.