जुन्या टायरांतील तेल

रस्त्याच्या कडेला जुना टायर जळतांना उठणारा काळाकुट्ट धूर तुम्हीं पाहिला असेल. तोच टायर बंद लोखंडी भांड्यांत, हवा लागूं न देतां, सुमारें 400 ते 500 अंश सेल्सिअसपर्यंत तापविला तर तो पेटत नाहीं. प्राणवायूच्या अभावीं रबराच्या लांबलचक रेणुसांखळ्या नुसत्या तुटतात. त्यांचे तुकडे वाफेच्या रूपानें बाहेर पडतात, व ती वाफ निवविली म्हणजे उग्र वासाचें काळपट तेल मिळतें. मागें काजळीसारखा कार्बन व पोलादी तारा उरतात. न निवणारा वायु भट्टीसच जळण म्हणून घालतात. रानांत मातीखालीं लाकूड झांकून कोळसा पाडतात, ती क्रिया याच जातीची होय. शास्त्रांत हिला तापविच्छेदन म्हणतात.

हें तेल म्हणजे एक पदार्थ नव्हे. तें शेंकडों हायड्रोकार्बनांचें मिश्रण आहे. रंग व औषधें यांच्या कारखान्यांस लागणारीं बेंझीन, टोल्युईन व झायलीन हीं द्रव्यें त्यांत असतात. पण खरी गंमत लिमोनीनची! नारिंगाच्या सालीला वास देणारें द्रव्य तें हेंच. झाडाच्या चिकापासून होणारें रबर आयसोप्रीन नांवाच्या घटकांची माळ असतें. तिच्यांतील दोन घटक जोडीनें सुटले कीं लिमोनीन तयार होतें.

या तेलाची उष्णता डिझेलच्या जवळपास भरते. मग तें मोटारींत कां घालूं नये? उत्तर गंधकांत आहे. 1839 सालीं चार्ल्स गुडइयर यानें गंधकासह तापवून रबर टिकाऊ करण्याची युक्ति शोधली. तोच गंधक पुढें या तेलांत उतरतो. त्याचें प्रमाण बहुधा शेंकडा एकच्या आसपास, म्हणजे दहा लक्ष भागांत 10,000 भाग असतें. आपल्या देशांत 1 एप्रिल 2020 पासून डिझेलमधील गंधकाची मर्यादा दहा लक्षांत अवघी 10 भाग आहे. कच्च्या तेलावर इंजिन चालतें खरें, आणि मोह पडतो तो त्यामुळेंच. परंतु गंधक जळून होणारा विषारी वायु शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या फुप्फुसांत जातो.

हायड्रोजनच्या योगानें गंधक काढतां येतो व ऊर्ध्वपातनानें घटक वेगळे करतां येतात, पण त्यास खर्च फार. म्हणून पुष्कळसें तेल आज भट्ट्यांत जाळलें जातें. माझ्या मतें हा त्याचा सर्वांत हलका उपयोग होय. शिवाय बेंझीन कर्करोगास कारण होतें, आणि भांडें पुरतें निवण्यापूर्वीं उघडल्यास आंतील वाफ हवेशीं मिसळून भडका उडतो. स्वस्त तेलाच्या किंमतीत भट्टीवरील मजुराचा हा धोका कोणी धरीत नाहीं.