साहेबांचं विमान ठरवण्याआधी

लेकरा, साहेबांच्या दौऱ्यांची आखणी आता तुझ्याकडे आली, म्हणून चार गोष्टी कानात घालतो. २८ जानेवारी २०२६ ला सकाळी मुंबईहून बारामतीला गेलेलं लिअरजेट ४५ उतरताना कोसळलं आणि आपल्या बीडचे पालकमंत्री अजितदादा पवार यांच्यासह विमानातले पाचही जण गेले. तेव्हापासून पारावर जो तो विमानावर बोलतो. तू आधी कागद बघायला शीक.

१. विमानावरची अक्षरं वहीत उतरवून घे — ‘व्हीटी’ म्हणजे भारतात नोंदलेलं, पुढची तीन अक्षरं त्या एकट्या विमानाची. बारामतीचं व्हीटी-एसएसके होतं.

२. सोबत कारखान्याचा सिरियल नंबरही माग — देश बदलला की अक्षरं बदलतात, हा नंबर जन्मभर तोच. शेवटचं लिअरजेट २०२२ मध्ये कारखान्यातून बाहेर पडलं, म्हणजे आता भाड्याने मिळेल ते जुनंच; वय विचारायला लाजू नकोस. रंग नवा, हाडं जुनी.

३. कंपनीचा एनएसओपी, म्हणजे विमान भाड्याने देण्याचा, परवाना बघ, आणि त्यात हेच विमान लिहिलंय का तेही — खासगी वापरासाठी नोंदलेलं विमान भाड्याने देता येत नाही. “घरचंच आहे, फक्त इंधनाचे पैसे द्या” म्हणणाऱ्याला चहा पाज आणि हात जोड.

४. उड्डाणयोग्यतेच्या कागदावरची तारीख स्वतः वाच — ती तपासणी दर वर्षी नव्याने करावी लागते.

५. कंपनीचा मागचा इतिहास काढ, आणि ज्यात कुणी दगावलं नाही ते अपघात आधी वाच — तेच आपण लवकर विसरतो. बारामतीचं विमान व्हीएसआर कंपनीचं होतं; त्याच कंपनीचं दुसरं लिअरजेट, व्हीटी-डीबीएल, १४ सप्टेंबर २०२३ ला मुंबईत मुसळधार पावसात उतरताना धावपट्टीबाहेर जाऊन मोडलं. आठही जण वाचले आणि गोष्ट तिथेच मिटली. विमान अपघातांचा तपास करणाऱ्या सरकारी एएआयबीचे अहवाल कुणालाही वाचता येतात. ते दोषी ठरवायला लिहिलेले नसतात, पुढचा अपघात टळावा म्हणून असतात. तूही त्याच मनाने वाच, कुणाला झोडपायला नको.

६. मोठ्या दुरुस्तीनंतर विमान किती उडलंय ते विचार — २८ जून २०१८ ला घाटकोपरला पडलेलं व्हीटी-यूपीझेड, पूर्वीचं उत्तर प्रदेश सरकारचं, दुरुस्तीनंतरच्या चाचणीच्याच उड्डाणावर होतं. त्यात रस्त्याने जाणारा एक माणूसही गेला.

७. कुठे उतरायचंय त्याची चौकशी विमानापेक्षा जास्त कर — अपघात झाला तेव्हा बारामतीला ना आयएलएस, म्हणजे कमी दिसत असताना विमान धावपट्टीवर आणणारी यंत्रणा, होती, ना नियंत्रण मनोरा. वारा-धुक्याची माहिती तिथल्या फ्लाइंग स्कूलची माणसं देत. अशा ठिकाणी धावपट्टी डोळ्यांना दिसली तरच उतरायचं, आणि नजरेवर उडायला साधारण पाच किलोमीटर दिसावं लागतं. त्या सकाळी सुमारे तीन किलोमीटर दिसत होतं; पहिल्या खेपेला धावपट्टी दिसली नाही म्हणून विमान पुन्हा वर गेलं होतं.

८. थंडीत सकाळची पहिली सभा उशिराच ठेव — धुकं आपली कार्यक्रमपत्रिका वाचत नाही.

९. दुसरी धावपट्टी आधीच ठरव आणि तिथे गाडी, ड्रायव्हर उभा ठेव. बीडचा दौरा असेल तर संभाजीनगर — पुढची सोय झालेली आहे हे पायलटला ठाऊक असलं, की वळताना त्याच्या मनावर ओझं राहत नाही. हे काम कुणाच्या डोळ्यात भरत नाही, पण मला विचारशील तर तुझ्या सगळ्या कामांत हेच मोठं.

१०. “लोक ताटकळलेत” असा फोन पायलटला लावू नकोस, दुसऱ्या कुणाला लावूही देऊ नकोस — ढगाशी पैज लावू नये, ढगाची घरी कुणी वाट बघत नसतं. पायलट “आज नको” म्हणाला की कारण न विचारता सभा पुढे ढकल. साहेब चिडले तर माझं नाव सांग, मी बोलतो त्यांच्याशी.