ज्ञानाचे मोजमाप

कंपनीतील ‘ज्ञान व्यवस्थापन’ यशस्वी झाले हे ओळखायचे कसे? पुण्यात १९८१ साली स्थापन झालेल्या इन्फोसिसने २००१ मध्ये अनुभव लिहून देणाऱ्यांना गुण देणे सुरू केले. लेखांचा ढीग पडला, पण दर्जा राहिला नाही. २००२ मध्ये पद्धत बदलून वाचणाऱ्याला झालेल्या उपयोगाला महत्त्व दिले गेले. दोहात माणसे सतत बदलतात, म्हणून मी एवढेच पाहतो: गेलेल्याला फोन न करता नव्याचे काम अडते का? हीच परीक्षा गेल्या शुक्रवारी घरी घेतली. विमा-बँकेची माझी फाईल चांगली जाडजूड आहे. सौ.ला त्यातून पॉलिसी शोधायला चाळीस मिनिटे लागली!