साखळी करवत : वेगाला हवी सावधगिरीची जोड

दिनांक ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन आणि शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली या भागांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. रस्त्यांवर, घरांवर आणि विजेच्या तारांवर वृक्ष कोसळले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ वादळाने कोकणाला पुन्हा तडाखा दिला. अशा आपत्तीत गावाचा रस्ता मोकळा करणे हे पहिले काम असते. कुऱ्हाडीने ज्यास दिवस लागतो, ते काम साखळी करवत घटकाभरात उरकते. म्हणूनच ‘चेन सॉ’ या नावाने ओळखले जाणारे हे यंत्र आता गावोगावी पोहोचले आहे. तथापि, यंत्र हाती येणे आणि ते चालविण्याचे ज्ञान असणे या दोन भिन्न गोष्टी होत.

यंत्राचा स्वभाव

पोलादी पात्याभोवती दातेरी साखळी अत्यंत वेगाने फिरते, हे या यंत्राचे साधे तत्त्व आहे. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला, की साखळी अडते आणि संपूर्ण करवत क्षणार्धात चालकाच्या तोंडाकडे उसळते. ही उसळी डोळ्यांना दिसण्यापूर्वीच घाव झालेला असतो. यासाठी करवत नेहमी दोन्ही हातांनी धरावी. डावा हात पुढच्या मुठीवर असावा व अंगठा मुठीभोवती वळलेला असावा. पात्याच्या टोकाने कापू नये, खांद्याच्या वर करवत उचलू नये आणि शिडीवर उभे राहून ती चालवू नये. पुढच्या मुठीपाशी असलेला साखळीचा ब्रेक चालतो की नाही, हे रोज काम सुरू करण्यापूर्वी पाहावे. करवत सुरू करताना ती जमिनीवर ठेवून, ब्रेक लावून, मागील मूठ पायाने दाबून धरावी. इंजिन थंड झाल्यावरच पेट्रोल भरावे आणि भरल्या जागेपासून निदान तीन मीटर दूर जाऊन यंत्र सुरू करावे.

शिरस्त्राण, डोळ्यांसाठी जाळी अथवा चष्मा, कानांवर आवाजरोधक, हातमोजे, टणक टोकाचे बूट आणि साखळी अडविणारे अस्तर असलेली विजार हा चालकाचा पोशाख होय. लुंगी, सैल सदरा अथवा गळ्यातील उपरणे साखळीत अडकू शकते.

उभे झाड पाडताना

प्रथम झाडाचा कल, वाळलेल्या फांद्या, वेलींची गुंतागुंत आणि वाऱ्याची दिशा यांचे निरीक्षण करावे. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात अन्य कोणीही असू नये. झाड ज्या दिशेला पाडावयाचे, तिच्या विरुद्ध बाजूस तिरकी जाणारी, अडथळे नसलेली वाट आधीच मोकळी करून ठेवावी.

त्यानंतर पडण्याच्या बाजूस खाच घ्यावी. तिची खोली बुंध्याच्या व्यासाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतकी असावी. मागील काप खाचेच्या तळापेक्षा किंचित वर घ्यावा. मात्र तो खाचेपर्यंत नेऊ नये. मध्ये व्यासाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतकी लाकडाची पट्टी राखावी. बुंधा ५० सेंटिमीटर व्यासाचा असेल, तर ही पट्टी ५ सेंटिमीटर ठेवावी. दार जसे बिजागरीवर फिरते, तसे झाड या पट्टीवर वळून ठरलेल्या दिशेने पडते. बिजागरी कापली गेली, तर झाडावर कोणाचेच नियंत्रण उरत नाही.

पडलेले झाड अधिक फसवे

झाड पडले म्हणजे धोका संपला, ही समजूत चुकीची आहे. वाकलेल्या खोडाची एक बाजू दबलेली आणि दुसरी ताणलेली असते. दोन्ही टोके टेकलेली असल्यास वरची बाजू दबते; तेथे फक्त वरून कापत राहिल्यास पाते चिमटीत अडकते. एक टोक अधांतरी असल्यास वरची बाजू ताणलेली असते. दोन्ही प्रकारांत दबलेल्या बाजूने थोडा काप प्रथम घ्यावा व मग ताणलेल्या बाजूने काम पुरे करावे. मुळांसह उपटलेल्या झाडाचे खोड कापताच मुळांचा गड्डा झटक्याने पूर्ववत खड्ड्यात बसू शकतो. त्या खड्ड्यात मूल खेळत नाही ना, हे पाहिल्याशिवाय करवत लावू नये. तारांवर पडलेल्या झाडाला, वीज बंद केल्याची खात्री वीज कर्मचाऱ्यांकडून मिळाल्यावाचून, हात लावू नये.

पंचायतीचे कर्तव्य

ग्रामपंचायतीने यंत्र घेताना संरक्षक पोशाखाचा खर्च त्याच अंदाजपत्रकात धरावा. पोशाखावाचून घेतलेले यंत्र स्वस्त नव्हे, अपुरे होय. चालविण्याचे काम प्रशिक्षण घेतलेल्या दोघातिघांवरच सोपवावे व त्यांची नावे पावसाळ्यापूर्वी निश्चित करावीत. कोणीही एकट्याने काम करू नये. सोबत्याजवळ जखम घट्ट दाबून धरण्यास स्वच्छ कापड असावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका कोठवर येऊ शकेल, हे त्यास ठाऊक असावे. उभी झाडे तोडण्यापूर्वी १९६४ च्या वृक्षतोड विनियमन अधिनियमातील अनुसूचित वृक्षांसाठी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घेणेही आवश्यक आहे. शिक्षकांनी मुलांना या कामापासून दूर राहण्याची शिकवण द्यावी.

वादळानंतर प्रत्येकाला घाई असते आणि ती स्वाभाविकही आहे. परंतु रस्ता तासभर उशिरा मोकळा झाला, तर गावाचे फारसे बिघडत नाही. रस्ता मोकळा करणारा मात्र सायंकाळी धडधाकट घरी परतला पाहिजे.