अन्नवस्त्र नव्हे, वाटा : तीव्र अपंगत्व आणि स्वतंत्र सहजीवन

अंथरुणावरून उठण्यापासून आंघोळीपर्यंत प्रत्येक कामासाठी ज्याला दुसऱ्याचा हात लागतो, अशा प्रौढ माणसाला स्वतंत्र म्हणता येईल काय? बहुतेकांचे उत्तर नकारार्थी येते. आपले काम आपल्या हाताने करणे म्हणजे स्वावलंबन, हा धडा आपण बालपणापासून गिरवीत आलो आहोत. प्रस्तुत लेखात आम्ही या समजुतीची इतिहासाच्या आणि कायद्याच्या आधारे तपासणी करणार आहोत. अपंग अपत्याच्या प्रत्येक आईबापाला एक प्रश्न रात्री झोपू देत नाही : 'आमच्या पश्चात याचे काय होणार?' त्या प्रश्नाचे उत्तर याच तपासणीत दडलेले आहे.

पोटगी आणि वाटा

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायाने आंधळे, बहिरे, मुके, वेडे आणि इंद्रियहीन यांना वडिलोपार्जित मालमत्तेतून वगळले. लगेच पुढे त्यांना आयुष्यभर अन्नवस्त्र द्यावे, असेही सांगितले. म्हणजे जगू द्यावे, परंतु वाटा देऊ नये. दया होती, हक्क नव्हता. ही व्यवस्था आपल्या परिचयाची आहे, कारण गावकुसाबाहेरच्या माणसालाही शिळी भाकर मिळत होती, पाणवठा मात्र मिळत नव्हता.

कायद्याने ही गाठ सावकाश सोडवली. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम 28 ने रोग वा व्यंग यांच्या कारणावरून वारसा नाकारणे बंद केले. त्याआधीच भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 41 मध्ये बेकारी, वार्धक्य आणि आजारपण यांच्यासोबत विकलांगतेच्या प्रसंगीही लोकसाहाय्याची तरतूद करण्याचे निदेशक तत्त्व आले होते. अन्नवस्त्राची जबाबदारी घरातील कर्त्या पुरुषाच्या मर्जीवरून राज्याच्या कर्तव्यात आली, हा मोठा पालट होता.

चाळीसगावचा टांगा

1929 साली बाबासाहेब धुळे भागातील सामाजिक बहिष्काराची चौकशी करून परतताना चाळीसगावी उतरले. स्टेशनवरून महारवाड्यात जाण्यासाठी टांगा हवा होता. टांगेवाला महाराला बसवून टांगा हाकण्यास तयार नव्हता; टांगा मात्र भाड्याने देण्यास तयार होता. तेव्हा ज्याने कधी लगाम धरला नव्हता, असा वस्तीतील एक जण हाकायला बसला. पुलावर टांगा उलटला. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, त्यांच्या पायाचे हाड मोडले आणि काही काळ त्यांना हिंडताफिरता येईना. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी हा प्रसंग नोंदविला आहे.

या प्रसंगातील जातीयता सर्वांच्या लक्षात येते. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यात आणखी एक धडा आहे. पाहुण्याला पायी नेणे कमीपणाचे, असे वस्तीला प्रेमाने वाटले. परंतु प्रवाशाच्या सुरक्षिततेचा विचार राहून गेला आणि कोणता धोका पत्करावा हे प्रवाशाला विचारले गेले नाही. तीव्र अपंगत्व असलेल्या माणसाचे आयुष्य पुष्कळदा असेच हाकले जाते. एक जण शिवतच नाही आणि दुसरा मायेपोटी सर्व काही परस्पर ठरवून टाकतो.

बर्कलीपासून कोल्हापूरपर्यंत

अमेरिकेतील एड रॉबर्ट्स यांना 1953 मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी पोलिओ झाला. मानेखालचे शरीर निकामी झाले, श्वासासाठी यंत्र लागे. 1962 मध्ये त्यांनी बर्कली येथील विद्यापीठात प्रवेश मिळविला. राहण्यास योग्य वसतिगृह नव्हते, म्हणून विद्यापीठाच्या रुग्णालयातच त्यांची सोय झाली. हळूहळू तसेच इतर विद्यार्थी तेथे आले. एकत्र राहताना त्यांना उमगले की, मदतनीस कोण असावा, किती वाजता उठावे, कोठे जावे, हे ठरविण्याचा अधिकार हातात असेल तर लुळे शरीर गुलाम ठरत नाही. 1972 मध्ये तेथे स्वतंत्र जीवन केंद्र स्थापन झाले. ज्या सरकारी पुनर्वसन विभागाने रॉबर्ट्स यांना एके काळी नोकरीस अपात्र मानले होते, त्याच विभागाचे ते 1975 मध्ये प्रमुख झाले.

महाराष्ट्रातही ही परंपरा आहे. कमरेखालचे शरीर तरुण वयातच लुळे पडलेल्या नसीमा हुरजूक यांनी सहकाऱ्यांसह 1984 मध्ये कोल्हापूरला 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभारली. तिच्या सिंधुदुर्गातील 'स्वप्ननगरी'त अपंग व्यक्ती काजूप्रक्रियेसारख्या उद्योगातून स्वतःची मिळकत कमावू लागल्या. खडकीच्या केंद्रात मणक्याला इजा झालेले जवान एकत्र राहतात, काम करतात, खेळतात. आपल्या जळगावात 'दीपस्तंभ मनोबल' या निवासी प्रकल्पात दृष्टिहीन व अस्थिव्यंग तरुण-तरुणी सोबत राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात.

वसतिगृहाचे मोल आपल्या चळवळीला सांगावे लागत नाही. 1925 मध्ये सोलापूरला बहिष्कृत हितकारिणी सभेचे वसतिगृह सुरू झाले, ते राहण्याच्या जागेवाचून शिक्षण पांगळे राहते हे ओळखूनच. मात्र वसतिगृह शिक्षण संपताच रिकामे करावे लागते. त्यापुढील आयुष्यासाठी घर लागते.

सामायिक घराची घडण

असे घर म्हणजे छोटा अनाथाश्रम नव्हे. चार-सहा प्रौढ, प्रत्येकाची स्वतंत्र खोली किंवा निदान स्वतःचे कुलूपबंद कपाट, प्रत्येकाचे बँक खाते आणि पगारी मदतनीस, असे त्याचे साधे स्वरूप असावे. बारा फूट लांबीमागे एक फूट चढ असलेला उतार, चाकाची खुर्ची वळेल एवढी मोरी, धरायला दांडे, ही किमान सोय हवी. मणक्याची इजा झालेल्या व्यक्तीला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. हयगय झाली तर शय्याव्रण होतात आणि ते जिवावर बेततात. म्हणून रात्रपाळीचा मदतनीस ही चैन नसून गरज आहे.

स्वयंपाक काय करायचा, पाहुणा कधी यावा, कोणत्या मदतनीसाला ठेवावे, हे निर्णय रहिवाशांच्या बैठकीत व्हावेत. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीलाही दोन सदऱ्यांतून एक निवडू द्यावा. निवडीची सवय तेथूनच लागते. आणि कोणाच्या हातचे खायचे, कोणाला शिवायचे, या जुन्या रोगाला उंबऱ्याच्या आत जागा असू नये.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने मलमूत्रात पडलेल्या भिक्खूची कोणीही विचारपूस करीत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदासह त्याला स्वतःच्या हातांनी धुतले, खाटेवर निजविले आणि मग संघाला बोलावून एकमेकांच्या शुश्रूषेचे कर्तव्य सांगितले. शुश्रूषा ही कोणा एकट्याची पुण्याई न राहता समूहाचा नियम झाली. बंधुतेचा अर्थ हाच आहे.

खान्देशात काय करता येईल?

कायदा आज अनुकूल आहे. अपंगांच्या हक्कांविषयीची आंतरराष्ट्रीय संहिता भारताने 2007 मध्ये मान्य केली. तिचा अनुच्छेद 19 स्वतंत्रपणे व समाजात राहण्याच्या हक्काविषयी आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम 5 ने समाजात राहण्याचा हक्क दिला असून कोणालाही विशिष्ट ठिकाणीच राहण्याची सक्ती होऊ नये, असे म्हटले आहे. 1999 च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखालील 'घरौंदा' योजना स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्या प्रौढांच्या समूहनिवासासाठी आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातील 5 टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची आहे.

परंतु कायदा स्वतःहून चालत गावात येत नाही. ग्रामसभेत उभे राहून त्या 5 टक्क्यांचा हिशेब मागणारा कोणी तरी लागतो. जळगाव-धुळ्यातील पालकांनी एकत्र येऊन, आपल्या हयातीतच, अशा एका घराची पायाभरणी केली तर त्यांच्या प्रश्नाला उत्तर मिळेल. त्या घरात त्यांच्या मुलामुलींना केवळ भाकर मिळू नये, मतही असावे. स्वावलंबन म्हणजे सर्व कामे स्वतःच्या हाताने करणे नव्हे, तर आपल्या आयुष्याचा लगाम आपल्या मनाकडे असणे, हे आमच्या या अभ्यासाचे सार आहे.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

1. 'दया' आणि 'हक्क' यांतील फरक वरील उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करा.
2. चाळीसगावच्या प्रसंगात प्रवाशाला काय विचारले जायला हवे होते?
3. चाकाच्या खुर्चीवरील व्यक्ती आपल्या शाळेत कोठवर पोहोचू शकेल, याची पाहणी करून मुख्याध्यापकांना अहवाल द्या.
4. आपल्या ग्रामपंचायतीने दिव्यांगांसाठीचा निधी कशावर खर्च केला, याची माहिती मिळवा.