क्वांटम संगणक आणि उण्याचें चिन्ह



एप्रिल २०२३ मध्यें भारत सरकारनें सुमारें ६,००० कोटी रुपयांचें राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केलें, आणि २०२५ हें साल संयुक्त राष्ट्रसंघानें क्वांटम विज्ञानाचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलें. तेव्हांपासून "सर, क्वांटम संगणक म्हणजे काय?" हा प्रश्न वर्गांत वरचेवर येऊं लागला.

या प्रश्नाचें उत्तर प्रथम मीं चुकीचें दिलें, हें येथें कबूल करणें मला अवश्य वाटतें. मी म्हणालों, "साधा संगणक एका वेळीं एकच उत्तर तपासतो, क्वांटम संगणक सर्व उत्तरें एकदम तपासतो." वर्ग खूष झाला. परंतु नववींतील एक मुलगी उभी राहून म्हणाली, "सर, सर्व उत्तरें एकदम निघालीं, तर त्यांतलें खरें कोणतें हें यंत्राला कसें कळतें?" मला उत्तर देतां आलें नाहीं. दोन दिवसांची मुदत मागून मीं पुन्हां अभ्यास केला, तेव्हां आपण ऐकीव वाक्य शिकवीत होतों असें दिसून आलें. पुढें जो धडा मीं दिला, तो असा.

साध्या संगणकांतील माहितीचा सर्वांत लहान घटक म्हणजे बिट. तो ० तरी असतो किंवा १ तरी. क्वांटम संगणकाच्या घटकास क्यूबिट म्हणतात. वाचून पाहिल्यास तोही ० किंवा १ एवढेंच सांगतो. पण वाचण्यापूर्वीं त्याच्याशीं दोन संख्या निगडित असतात, एक ० ची आणि दुसरी १ ची. या संख्यांस आयाम म्हणूं. आयामाचा वर्ग केला म्हणजे तें उत्तर मिळण्याची संभाव्यता निघते. आतां मुख्य गोष्ट ध्यानांत घ्या : संभाव्यता कधींही ऋण नसते, आयाम मात्र ऋण असूं शकतो.

एक नाणें उडवा. न पाहतां तेंच पुन्हां उडवा. छापा कीं काटा, हें पूर्वींइतकेंच अनिश्चित राहतें. आतां क्यूबिटावर "हॅडमार्ड" नांवाची क्रिया करूं. तिचा नियम असा : आरंभीं ० असेल, तर दोन्ही आयाम +१/√२ होतात, आरंभीं १ असेल, तर ० चा आयाम +१/√२ आणि १ चा −१/√२ होतो. आरंभ ० पासून करून ही क्रिया एकदां केली आणि क्यूबिट वाचला, तर नाण्याप्रमाणें निम्मी निम्मी संभाव्यता येते. पण न वाचतां तीच क्रिया पुन्हां केली तर?

० कडे जाण्याचे मार्ग दोन आहेत. त्यांचे आयाम १/२ आणि १/२, बेरीज १. १ कडे जाण्याचेही मार्ग दोनच, त्यांचे आयाम १/२ आणि −१/२, बेरीज शून्य! म्हणजे उत्तर खात्रीनें ० येतें. तळ्यांत दोन खडे टाकले असतां एका लाटेचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर येतो, त्या ठिकाणीं पाणी स्थिर राहतें. तसाच हा प्रकार होय.

त्या मुलीच्या प्रश्नाचें उत्तर यांतच आहे. खरें उत्तर यंत्राला आपोआप कळत नाहीं. चुकीच्या उत्तरांकडे जाणारे मार्ग एकमेकांस खोडून काढतील आणि खऱ्याकडे जाणारे एकमेकांस बळ देतील, अशी रचना माणसाला बुद्धीनें करावी लागते. ती प्रत्येक प्रश्नांत साधत नाहीं. १९९४ सालीं पीटर शोर यांनीं मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्यासाठीं ती साधली. १९९६ मध्यें लव ग्रोव्हर यांनीं शोधकार्यासाठीं तशी रीत दिली. क्रम न लावलेल्या १० लाख नोंदींतून एक शोधण्यास साध्या रीतीनें सरासरी ५ लाख वेळां पाहावें लागतें. ग्रोव्हर यांच्या रीतीनें सुमारें ८०० पायऱ्या पुरतात. सर्व उत्तरें एकदम तपासलीं जात असतीं, तर एकच पायरी पुरली असती!

शिवाय, क्यूबिट फार नाजूक असतो. किंचित् उष्णतेनें किंवा धक्क्यानेंही आयाम बिघडतात. म्हणून कित्येक यंत्रें निरपेक्ष शून्य तापमानाच्या अगदीं जवळ ठेवावीं लागतात, आणि तरीही तीं चुकतात.

पालकांस एक विनंति आहे. "क्वांटम" या मोठ्या शब्दास भुलूं नये, आणि भिऊंही नये. वरील गणितास लागलें तें काय? धन-ऋण संख्या, वर्गमूळ आणि संभाव्यता. हीं सर्व शाळेच्याच पुस्तकांत आहेत; तीं पक्कीं झालीं म्हणजे पुढची वाट मोकळी होते.

मुलांनो, आरंभ १ पासून करून हीच क्रिया दोनदां केली तर काय उत्तर येईल, तें कागदावर स्वतः काढून पाहा. आणि शिक्षकाचें एखादें वाक्य पटलें नाहीं, तर नम्रपणें पण निर्भयपणें उठून विचारा. त्या दिवशीं ती मुलगी गप्प बसली असती, तर माझी चूक चाळीस वह्यांत उतरली असती.